आण्णांच्या मशीनसह कोयनेकाठी तीन रात्री : ट्रेलरला बॅटरी किती लागेल आणि भरायची कशी?

कृष्णाकाठची · १४ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न बॅटरीचा आहे, पण आधी थोडं घरचं सांगते.

माझ्या वडिलांचं, आण्णांचं, गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. धरणात पाणी अडवायला लागले तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते. तिथून कुटुंब सांगली जिल्ह्यात आलं, आण्णा शिकले, मास्तर झाले, निवृत्त झाले. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या देवळाचा चौथरा उघडा पडतो, असं ते लहानपणापासून सांगत आलेत. आता बहात्तरी ओलांडली. यंदा मे महिन्यात तिथे राहायचंच, असं त्यांनी ठरवलंय. लॉजवर नाही, पाण्याच्या काठाला. तापोळ्याच्या बाजूला आमच्या भाऊबंदांचं शेत आहे, ते 'या' म्हणालेत. शेतात वीज नाही आणि वस्ती दोनेक किलोमीटरवर.

आमच्याकडे छोटा ट्रेलर आहे, कुपवाड एमआयडीसीत बनवून घेतलेला, रीतसर आरटीओची नोंदणी केलेला. दोघं आत झोपतात, बाकीचे तंबूत. गाडी डिझेल, बीएस-सहा.

अडचण अशी की आण्णांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्रभर सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र, लागतं. ते बंद पडलं की दचकून उठतात, मग सबंध दिवस डोकं जड. शिवाय इन्सुलिन आहे, म्हणून १२ व्होल्टचा ३५ लिटरचा फ्रीज घेतलाय. एक पंखा, तीन दिवे, फोन, पाण्याचा छोटा पंप. घरी इन्व्हर्टरची १५० अँपिअरची ट्यूब्युलर बॅटरी आहे, तीच उचलून ट्रेलरमध्ये ठेवावी असं यजमान म्हणतात. तीन रात्री निघतील का?

वायरमन_कराड · १४ मार्च, रात्री १०:२५

ताई, बॅटरीपासून सुरुवात करू नका, खर्चापासून करा. वॉटमीटर आणा, पाच-सातशे रुपयांत मिळतो. मशीन घरीच एक रात्र त्यावर लावा, मग ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद करून दुसरी रात्र. फ्रीजचा आकडा दुपारी गाडीत ठेवून घ्या, घरातल्या गार फरशीवर नको.

वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर. तुमची ट्यूब्युलर १२ गुणिले १५०, म्हणजे कागदावर १८००. ट्यूब्युलर ही लेड-ॲसिडच, ती निम्म्याच्या खाली रोज नेली तर लवकर मरते, म्हणून हाताशी ९०० धरा. म्हणजे एक युनिटसुद्धा नाही. वजन ५५ किलोच्या पुढे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. आण्णा जिथे झोपणार तिथे ती बंद जागेत अजिबात नको.

पवनचक्की_चाळकेवाडी · १५ मार्च, सकाळी ७:१०

छोटी पवनचक्की लावता येईल का? आमच्या पठारावर इतक्या मोठ्या चक्क्या फिरतात. रात्रीही वारा असतो, सोलर रात्री चालत नाही.

वायरमन_कराड · १५ मार्च, सकाळी ८:००

दादा, वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ताकद आठवा भाग उरते. तुमच्या चाळकेवाडीचं पठार उघडं, वर काही आडवं नाही, आणि चक्क्या उंच खांबांवर. तापोळं खोऱ्यात आहे, चहूबाजूंनी डोंगर. मीटरभर व्यासाचं पातं माणसाच्या उंचीवर लावून सेकंदाला चार मीटर वारा मिळाला तर हाती आठ-दहा वॅट येतील, वर रात्रभर घरघर. पठारावरच्या घराला विचार करण्यासारखं आहे, या सहलीला नाही.

माणदेशी · १५ मार्च, दुपारी १:३०

आमच्याकडं मेंढरांमागं फिरणारी माणसं आठ-आठ महिने घराबाहेर असत्यात. घोड्यावर बिऱ्हाड आन् त्या बिऱ्हाडावर एक चाळीस वॅटचं पॅनल बांधल्यालं. चालता चालता बॅटरी भरती. खर्च काय, तर दोन फोन, एक दिवा आन् कुणाकुणाकडं वाघराला, म्हंजे मेंढरांभोवतीच्या जाळीला, झटका मशीन. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअरची बॅटरी असती, म्हंजे शंभर वॅट-अवरच्या आतली. त्येवढ्यात त्यांचं भागतं, कारण काय कशावर चालवायचं हे त्यांनी आधी ठरवल्यालं असतं. ताई, तुम्ही आण्णांचं मशीन, औषध आन् दिवा एकीकडं काढा, बाकीचं दुसरीकडं. मग हिशोब आपसूक लागंल.

बाकी आण्णांना नमस्कार. आमच्या चुलत्यांनाबी असंच एकदा जुन्या शिवारात जायचं व्हतं, ऱ्हाऊन गेलं. तुम्ही न्याच.

औषधपेढी · १५ मार्च, रात्री ८:१५

मी औषधनिर्माता आहे, मिरजेत दुकान आहे. इन्सुलिनबद्दल: न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालतं. नक्की आकडा प्रत्येक कंपनीच्या आतल्या कागदावर असतो, तो वाचा आणि डॉक्टरांना विचारा. तीन रात्रींसाठी बहुधा एकच पेन लागेल. पाण्यात भिजवून वापरायची बाष्पीभवनाची थैली मिळते, माठातलं पाणी गार होतं त्याच तत्त्वावर ती चालते. मात्र हवा दमट असली की ती कमी गार करते, त्यामुळे आत छोटा थर्मामीटर ठेवून सावलीत टांगा. उन्हात तापलेल्या ट्रेलरमध्ये किंवा गाडीच्या कप्प्यात पेन कधीही ठेवू नका. आणि बर्फाला चिकटवूनही नको, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

थैली उपयोगी पडली तर फ्रीज ही गरज न राहता सोय होईल. विजेच्या हिशोबात हा फरक फार मोठा आहे.

कृष्णाकाठची · १९ मार्च, रात्री १०:०५

वॉटमीटर आणला. आकडे सांगते.

मशीन ह्युमिडिफायर आणि गरम नळीसह आठ तासांत ४८० वॅट-अवर. दोन्ही बंद केल्यावर २१०. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मेमध्ये पाण्याकाठी हवा कोरडी नसेल, तीन रात्री हीटरशिवाय चालेल, भांड्यात पाणी मात्र राहू द्या. आण्णा सलग दोन रात्री तसे झोपले, तक्रार नाही.

फ्रीज गाडीत, दुपारी ३८ अंशांत: चालू असताना ४५ वॅट, पण मधे मधे बंद होतो, म्हणून चोवीस तासांत ५२०. पंखा २० वॅट, नऊ तासांचे १८०. दिवे ६०, फोन आणि पंप मिळून ४०. सगळे मिळून १०१०. म्हणजे दिवसाला एक युनिट, आणि मी घरात बसून बिलातल्या युनिटांकडे कधी बघितलंही नव्हतं.

अजून एक धक्का बसला. मशीनचा ॲडॉप्टर २४ व्होल्टचा आहे, म्हणून आम्ही इन्व्हर्टरला लावायचं म्हणत होतो. नुसता इन्व्हर्टर चालू ठेवून मीटर लावला, त्याला काहीही जोडलेलं नसताना १४ वॅट जात होते. चोवीस तासांचे ३३६. आण्णांच्या मशीनपेक्षा जास्त!

वायरमन_कराड · १९ मार्च, रात्री १०:५०

फार नीट मोजलंत. इन्व्हर्टर नकोच. १२ चं २४ व्होल्ट करणारा डीसी कन्व्हर्टर मिळतो, मशीनच्या कंपनीचाच घ्या, म्हणजे प्लग आणि व्होल्टेज जुळण्याची काळजी नाही. डीसीचं एसी आणि पुन्हा एसीचं डीसी, या फेऱ्यात उगाच वीज जाते.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. एका सेलचे ३.२ व्होल्ट, चार सेल म्हणजे १२.८. शंभर अँपिअरची १२८० वॅट-अवर, त्यातले ११०० निर्धास्त वापरता येतात. वजन बारा किलोच्या आसपास. हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी जाणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की सेल शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करायची नसते. पहाटे दवाचं हिम होतं तिथे. वापरायला हरकत नाही, चार्जिंग उन्हं आल्यावर. मेमध्ये उलट काळजी, बॅटरीची पेटी उन्हात तापू देऊ नका. सेल फार तापले की बीएमएस, म्हणजे बॅटरीतलंच राखण करणारं सर्किट, तिला बंद करतं.

वाईकर · २० मार्च, सकाळी ९:२०

लिथियम घेताना एक अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी शंभर अँपिअरची म्हणून स्वस्तात घेतली. मेणवलीला घाटावर पहिल्याच रात्री दहा वाजता अंधार. घरी येऊन पूर्ण चार्ज करून मोटारीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब लावला, घड्याळ लावलं. २१ तास चालायला हवा होता, १२ तासांत कट झाला. म्हणजे आत जेमतेम ५५-६० अँपिअर. दुकानदारानं हात वर केले. तेव्हापासून कुठलीही बॅटरी सहलीआधी अशी पूर्ण रिकामी करून तपासतो. ताई, तुम्ही तर हे नक्की करा, तुमच्याकडे प्रश्न आण्णांच्या झोपेचा आहे.

आयर्विन_पूल · २० मार्च, रात्री ११:१०

मी सांगलीत गावभागात राहते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो. वीज गेली ती दिवसेंदिवस आली नाही. आईला दम्याचा त्रास, नेब्युलायझर लागायचा. इन्व्हर्टर होता, पण पहिल्या रात्री सगळ्यांनी त्यावर फोन लावले, दिवे लावले, शेजारचे आले त्यांचेही फोन लागले. नाही म्हणायची ती वेळ नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला धाप लागली तेव्हा इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद झाला. बोट आली, आई सुखरूप बाहेर पडली. पण ती शिट्टी माझ्या कानातून जात नाही.

म्हणून माझं ऐका. आण्णांच्या मशीनला वेगळी बॅटरी द्या. छोटी असू द्या, पण वेगळी. तिला दुसरं काहीही जोडायची सोयच ठेवू नका, यूएसबीचं भोकसुद्धा नको. एकाच बॅटरीत सगळं ठेवून 'आपण जपून वापरू' म्हणणं खरं ठरत नाही, कारण रात्री पंखा बंद कुणी करायचा हे कुणीच ठरवत नाही.

माणदेशी · २१ मार्च, सकाळी ६:४५

आयर्विन ताई, एकदम बरोबर. मी 'एकीकडं काढा' म्हणलो ते कागदावर. तुम्ही ते खरोखरचं वेगळं केलंत.

कृष्णाकाठची · २१ मार्च, दुपारी ३:००

आयर्विन ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. आम्हीही त्या पुरात होतो, विश्रामबागेत, आमच्याकडे पाणी आलं नाही. तुमचं म्हणणं पक्कं धरलं. मशीनसाठी ४० अँपिअरची वेगळी बॅटरी, ५१२ वॅट-अवर. काही भरली नाही तरी दोन रात्री निघतात. बाकी सगळ्याला १०० अँपिअरची. आता भरायची कशी ते सांगा.

तापोळेकर · २१ मार्च, रात्री ९:३०

मी तिथलाच. आधी जागेचं सांगतो. शेत भाऊबंदांचं आहे हे फार बरं. पाण्यापलीकडचं जंगल कोयना अभयारण्याचं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे मुक्कामाची परवानगी नाही. कासच्या पठारावरही थांबायचा विचार करू नका, रस्त्यात लागेल म्हणून सांगतो. जनरेटर आणू नका. खोऱ्यात आवाज पाण्यावरून लांबवर जातो, शिवाय झोपायच्या जागेजवळ त्याचा धूर जिवावर बेतू शकतो.

आता उन्हाचं. पंचांगात सूर्योदय सहाचा असला तरी आमच्याकडे पूर्वेला डोंगर आहे. शेतात ऊन पडायला आठ-सव्वाआठ होतात. दुपारपर्यंत कडक. मग मेमध्ये दोन-तीन वाजता ढग चढतात, वळीव झोडपतो, विजा कडाडतात. रोज नाही, पण तीन दिवसांत एकदा तरी धराच. म्हणजे तुमचं ऊन सकाळचं आहे, दुपारचं नाही. सकाळी दहाला उठून पॅनल मांडणारा माणूस आमच्याकडे उपाशी राहतो.

आणि शेताच्या बांधाला आंब्याची झाडं आहेत. ट्रेलर तुम्ही सावलीतच लावणार, मेमध्ये आण्णांना उन्हात ठेवणार नाही. मग छतावर पॅनल ठोकून उपयोग काय?

वायरमन_कराड · २१ मार्च, रात्री १०:१५

तापोळेकरांनी मुद्द्याचं सांगितलं. छतावर पॅनल पक्कं करू नका. ट्रेलर सावलीत आणि पॅनल उन्हात, मधे दहा मीटर वायर. पॅनलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका फांदीची सावली दोन-चार सेलवर पडली तरी निम्मं पॅनल झोपतं, कधी सगळंच. 'थोडीशीच सावली आहे' असं सोलरमध्ये नसतं.

किती पॅनल ते बघू. समजा ढग धरून कामाचे चार तास. शंभर वॅटच्या पॅनलचे कागदावर ४००. पण पॅनल तापतं. सेल ६५ अंशांवर गेले की पंचवीस अंशांच्या मानानं पंधरा-सोळा टक्के वीज कमी. त्यात धूळ, वायर, कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारा). शंभर वॅटला दिवसाला ३०० धरा. मोठ्या बॅटरीचा खर्च मशीन वगळून ८००, म्हणजे ३०० वॅटची पॅनलं. १५० ची दोन घ्या, एकटीनं उचलता येतात. मशीनच्या बॅटरीला घडीचं १०० वॅटचं वेगळं, स्वतःच्या कंट्रोलरसह. दोन्ही संसार वेगळे ठेवा.

कंट्रोलर एमपीपीटीच घ्या, तो पॅनलला जास्तीत जास्त वीज देणाऱ्या व्होल्टेजवर चालवतो. साधा पीडब्ल्यूएम पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. १८ व्होल्टवर काम करणारं शंभर वॅटचं पॅनल १३ वर आलं की बहात्तर वॅटच देतं. आणि सेटिंग लिथियमचं हवं, १४.२ ते १४.६ व्होल्ट.

पॅनल तिरकं किती करायचं या फंदात मेमध्ये पडू नका. तापोळ्याला मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. दुपारभर आडवं ठेवा. पण तुमचं ऊन सकाळचं, म्हणून आठ ते साडेदहा पूर्वेकडे कललेलं असू द्या, खाली दोन विटा पुरतात.

वाईकर · २२ मार्च, सकाळी ७:५०

आणि गाडीतून? सांगलीहून ट्रेलर ओढत पाच तास तरी लागतील. तेवढ्यात बॅटरी भरेलच ना? ट्रेलरच्या सात पिनच्या सॉकेटमधूनच वायर घेतली की झालं.

वायरमन_कराड · २२ मार्च, सकाळी ९:३०

नाही हो, इथेच सगळे फसतात. बीएस-सहा गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र, डिझेल वाचवायला मधेच व्होल्टेज खाली आणतो, मग ट्रेलरची बॅटरी तशीच राहते. उलटही होतं. रिकामी लिथियम थेट जोडली तर ती हवं तेवढं ओढते आणि अल्टरनेटर तापतो. मधे डीसी-डीसी चार्जर हवा. २० अँपिअरचा घ्या. तासाला अडीचशे वॅट-अवर मिळतील, पाच तासांत मोठी बॅटरी जवळजवळ शून्यापासून भरेल.

वायर मात्र जाड. इंजिनपासून ट्रेलरपर्यंत सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. घराच्या प्लगला वापरतो ती अडीच स्क्वेअर एमएम टाकली तर वीस अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वाटेतच गळतात. सोळा स्क्वेअर एमएमला पाव व्होल्टच्या आसपास. सात पिनच्या सॉकेटमधली वायर दिव्यांसाठी असते, तिच्यातून हे करू नका. वेगळी जाड वायर आणि वेगळा प्लग.

आणि फ्यूज. या वायरला दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. एकदा एका ट्रेलरचं काम माझ्याकडे जळल्यावर आलं. आधीच्या मिस्त्रीनं फ्यूज फक्त गाडीच्या बाजूला दिला होता. घाटात वायर चेसिसच्या काठाला घासून सोलली आणि ट्रेलरच्या बॅटरीनं आपल्याच वायरीला आग लावली. माणसं गाडीत होती म्हणून वाचली. तुमच्या ट्रेलरमध्ये आण्णा झोपणार आहेत. काठाला रबरी ग्रोमेट (भोकात बसवायचं कडं), वायरवर फ्लेक्झिबल पाइप, हे करून घ्या. कराडवरून जाताना थांबलात तर मी स्वतः बघून देईन, पैसे नकोत.

पवनचक्की_चाळकेवाडी · २२ मार्च, रात्री ८:४०

वाऱ्याचं गणित समजलं, आभारी आहे. एक विचारतो, वीज चमकताना पॅनलचं काय करायचं?

तापोळेकर · २२ मार्च, रात्री ९:०५

ढग गडगडायला लागले की पॅनलची वायर कंट्रोलरपासून सोडायची, पॅनल उपडं करून वर दगड ठेवायचे. वळवाचा वारा ताडपत्री नेतो, पॅनल सहज नेईल. माणसांनी तंबूत, झाडाखाली किंवा पाण्याजवळ थांबायचं नाही, बंद गाडीत बसायचं, काचा वर. आण्णांना वेळेत गाडीत नेणं हे पॅनलच्या आधी.

कृष्णाकाठची · २० मे, रात्री ९:१५

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार मानण्याआधी आकडे देते, कारण तुमचा वेळ त्यासाठीच गेला.

वायरमन दादांनी कराडला दीड तास घालवून सगळी जोडणी तपासली, ट्रेलरच्या बाजूचा एक फ्यूज बदलायला लावला. पैसे घेतले नाहीत. सकाळी निघून संध्याकाळी पाचला शेतात पोचलो तेव्हा दोन्ही बॅटऱ्या शंभर टक्के.

पहिली रात्र: मोठी बॅटरी सकाळी ६० टक्क्यांवर. मशीनच्या बॅटरीतून २२५ वॅट-अवर गेले, घरच्यापेक्षा थोडे जास्त, ती ५६ वर आली.

दुसरा दिवस: सव्वाआठला ऊन आलं, अगदी तापोळेकरांनी सांगितलं तसं. विटांवर पॅनल पूर्वेकडे. अडीच वाजता वळीव. तोवर मोठ्या पॅनलांतून ६४० आले, घडीच्या पॅनलातून २००. दिवसभरचा फ्रीज वजा जाता संध्याकाळी मोठी ८६, मशीनची ९५. रात्रीनंतर ४५ आणि ५१.

तिसरा दिवस वाईट. अकराला आभाळ भरलं ते सुटलंच नाही. मोठ्या पॅनलांतून ३१०, तेवढेच दिवसा खर्च. म्हणजे संध्याकाळीही ४५ च. घडीच्या पॅनलातून फक्त ९०, मशीनची बॅटरी ६९. तेव्हा ठरवलं, फ्रीज बंद. इन्सुलिनचं पेन पहिल्या दिवसापासून भिजवलेल्या थैलीतच होतं, आतला पारा २७ च्या वर गेला नाही. फ्रीजमध्ये दूध होतं, ते तापवून सगळ्यांना खीर केली. सकाळी मोठी २५ वर, मशीनची २५ वर. आण्णा एकाही रात्री उठले नाहीत.

घरी येऊन हिशोब केला. तिसऱ्या रात्री फ्रीज तसाच चालू राहिला असता आणि मशीनही मोठ्याच बॅटरीवर असतं, तर पहाटे चारच्या सुमारास सगळं बंद पडलं असतं. आयर्विन ताई, हे तुमच्यासाठी लिहिलं.

चौथरा दिसला. पाणी बरंच खाली होतं, गाळ वाळून भेगाळलेला. आण्णा काठी टेकत गेले, चौथऱ्यावर बसले आणि आपलं घर कुठल्या दिशेला होतं ते हातानं दाखवलं. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. दुपारी ढग आले तेव्हा तेच म्हणाले, "चला, पॅनल उचला."

आयर्विन_पूल · २० मे, रात्री ९:५०

वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. आण्णांना आमचा नमस्कार सांगा.

माणदेशी · २१ मे, सकाळी ६:३०

लय बरं वाटलं ताई. चुलत्यांची आठवण आली.

वाईकर · २१ मे, सकाळी ८:१५

फार सुंदर. एक तांत्रिक शंका, दोन १५० ची पॅनलं कशी जोडली आणि दहा मीटरला वायर कुठली? आम्ही जूनच्या आधी धोमला जातोय.

कृष्णाकाठची · २१ मे, दुपारी १:२०

दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, चार स्क्वेअर एमएमची सोलरची वायर. सिरीजमध्ये ३६ व्होल्ट आणि आठ-सव्वाआठ अँपिअर, त्यामुळे जाऊन-येऊन वीस मीटरमध्ये पाऊण-एक व्होल्टच पडतो. पॅरललमध्ये करंट दुप्पट आणि व्होल्टेज निम्मं, मग तोटा चौपट टक्क्यांनी होतो. कंट्रोलर मात्र शंभर व्होल्टपर्यंत घेणारा हवा, आणि दोन्ही पॅनलं पूर्ण उन्हात हवीत. धोमला काठावर झाडं आहेत का ते आधी बघा.

वॉटमीटर सध्या मोकळा आहे. शनिवारी आम्ही साताऱ्याला लग्नाला येतोय, पाचवडपर्यंत येऊ शकलात तर देऊन जाईन.